हिंग्वष्टकाची बरणी आणि शासनाची तपासणी

आहार आणि औषध यांच्यामध्ये आयुर्वेदाने भिंत उभी केली नाही. सुंठ, मिरे, जिरे, हिंग आणि सैंधव ही द्रव्ये सकाळी रुग्णाच्या घरी मिसळणाच्या डब्यात असतात आणि सायंकाळी तीच आमच्या दवाखान्यातील बरणीत असतात. शासनाच्या कायद्याला मात्र अशी भिंत घालावीच लागते. एखादे द्रव्य शेतमाल म्हणून बंदरात उतरले तर त्याला एक कायदा, अन्न म्हणून दुकानात आले तर दुसरा आणि औषध म्हणून बाटलीत भरले तर तिसरा लागू होतो. द्रव्य एकच, तपासणी करणारे अधिकारी निरनिराळे. या व्यवस्थेत आपले, म्हणजे वैद्यांचे आणि औषधी दुकानदारांचे, नेमके स्थान कोणते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. तो आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. एका रुग्णाच्या आईने तो आमच्यापुढे ठेवला.

एक अनुभव

कल्याण-डोंबिवली परिसरात आम्ही गेली सुमारे वीस वर्षे व्यवसाय करीत आहोत. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे उपचारासाठी आली. तिला सीलिअ‍ॅक विकार असल्याचे निदान आधीच झालेले होते. गहू पूर्णतः वर्ज्य होता आणि तिची आई ते पथ्य अत्यंत निष्ठेने सांभाळीत असे. तरीही पोटफुगी आणि अरुची कायम होती. अग्निमांद्य व आध्मान पाहून आम्ही हिंग्वष्टक चूर्ण एक ग्रॅम दोन वेळा, भोजनाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून द्यावे असे सांगितले. चूर्ण आमच्याच दवाखान्यात तयार केलेले होते. तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली, तेव्हा पोटफुगी कमी होण्याऐवजी मलप्रवृत्ती पातळ झाली होती.

आईने विचारले, “डॉक्टर, या चूर्णात काय काय आहे?” आम्ही आठही नावे घडाघडा सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, “हिंग कोणता वापरता? आमच्या घरच्या हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले असते, म्हणून मी तो बंद केला आहे.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच सायंकाळी आम्ही नेहमीच्या दुकानात गेलो. तेथून हिंगाची पूड आम्ही सुटी, कागदी पुडीत घेत असू. लेबल पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

“शेठ, हा हिंग कोणता?”

“बंधाणी, वैद्यराज. सगळे हाच नेतात.”

“यात काय काय घातलेले असते?”

“डिंक, मैदा आणि हिंग. शुद्ध हिंग पाहिजे असे तुम्ही कधी म्हणालाच नाहीत.”

त्या दुकानदाराने आम्हाला फसवले नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्याने विकलेला माल कायद्याने भेसळीचा ठरत नाही. अन्नविषयक मानकांत शुद्ध हिंग आणि बंधाणी हिंग यांच्या व्याख्याच वेगळ्या आहेत. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळापासून चालत आलेल्या आणि २०११ च्या अन्नसुरक्षा मानकांत समाविष्ट झालेल्या व्याख्येनुसार शुद्ध हिंगात पिष्टाचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक असता कामा नये आणि त्यात अन्य कोणतीही राळ मिसळलेली चालत नाही. बंधाणी हिंगात मात्र डिंक आणि खाद्य पिष्ट किंवा धान्याचे पीठ घालण्यास मुभा आहे. मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ५ टक्के असला की तो मानकात बसतो. फोडणीसाठी हा हिंग योग्यच आहे. आमच्या बरणीसाठी तो योग्य नव्हता.

हिशेब केला तेव्हा असे दिसले की दिवसाला दोन ग्रॅम चूर्णात हिंगाचा आठवा भाग, म्हणजे पाव ग्रॅम जातो. त्यातील निम्मे पीठ धरले तर ग्लूटेनची मात्रा दहा-बारा मिलिग्रॅम होते. सीलिअ‍ॅक रुग्णाला दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत बहुधा अपाय होत नाही आणि पन्नास मिलिग्रॅमने आतड्याला इजा होते, असे आधुनिक अभ्यास सांगतात. म्हणजे आमची मात्रा सुरक्षित सीमेच्या किंचित पलीकडे होती. चूर्ण बंद केल्यावर मुलीच्या तक्रारी कमी झाल्या. त्या चूर्णामुळेच वाढल्या होत्या, असे छातीठोकपणे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु गहू वर्ज्य असलेल्या बालकाला आम्ही स्वतःच्या हाताने गहू दिला, एवढे निर्विवाद आहे. शिवाय ज्यांना गव्हाचे वावडे नव्हते अशा रुग्णांनाही इतकी वर्षे आम्ही हिंगाच्या नावाखाली डिंक-मैदा देत होतो आणि गुण कमी आला की मात्रा वाढवीत होतो.

कल्याणचे जुने बंदर आणि आजची बंदरे

या प्रसंगानंतर, आपल्या बरणीतील प्रत्येक द्रव्य कोठून येते आणि वाटेत त्याची कोण तपासणी करते, याचा शोध घेण्याचे आम्ही ठरवले. ठाणे जिल्ह्यातील वैद्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. व्यापारी मालावर राजसत्तेची नजर ही या भूमीला नवी गोष्ट नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कल्लिएना’ या बंदराचा उल्लेख आहे आणि ते आपले कल्याण असल्याचे अभ्यासक मानतात. पुढे राज्यकर्ते बदलल्यावर या बंदरातील व्यापारावर बंधने आली आणि येथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात कुष्ठ, गुग्गुळ, पिंपळी ही आपल्या परिचयाची द्रव्ये होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धान्य, स्नेह, क्षार, लवण, सुगंधी द्रव्ये आणि औषधी यांत तशाच दिसणाऱ्या हलक्या वस्तू मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. औषधी आणि धान्य यांना तेथे एकाच सूत्रात बसवले आहे, हे विशेष.

कल्याणच्या खाडीचे ते वैभव आज उरलेले नाही. परदेशी द्रव्ये आता प्रामुख्याने उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात उतरतात. तेथून बराच माल नवी मुंबईत तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारात येतो आणि मग ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथील दुकानांत पसरतो. हा मसाला बाजार ठाणे जिल्ह्यातच आहे. म्हणजे आपल्या बरणीतील परदेशी द्रव्याचा शेवटचा मोठा मुक्काम आपल्या दारातच असतो.

चार दरवाजे, चार प्रश्न

परदेशी द्रव्याला रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी साधारणतः चार दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला दरवाजा सीमाशुल्क विभागाचा आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या धोरणाचा. तेथे विचारले जाते : हा माल कोणत्या देशाचा, आणण्यास परवानगी आहे काय, आणि शुल्क किती?

दुसरा दरवाजा वनस्पती संगरोध विभागाचा. १९१४ च्या विघातक कीटक व पीडक कायद्याखाली २००३ मध्ये काढलेला वनस्पती संगरोध आदेश येथे लागू होतो. मालासोबत निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आहे काय, त्यात कीड, परदेशी तण किंवा माती तर आली नाही ना, हे येथे पाहिले जाते. यामागील हेतू देशातील शेतीचे रक्षण हा आहे.

तिसरा दरवाजा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णतः अमलात आला आणि १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. २०१७ च्या आयातविषयक विनियमांनुसार या प्राधिकरणाचे अधिकारी बंदरावर कागदपत्रे आणि लेबल तपासतात व आवश्यकतेनुसार नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. त्यांचा प्रश्न असतो : हे खाण्यास सुरक्षित आहे काय, आणि ज्या नावाने आणले त्या नावाच्या मानकात बसते काय?

चौथा दरवाजा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा. महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्ही शाखा एकाच प्रशासनाखाली आहेत आणि कोकण विभागाचे कार्यालय ठाण्यात आहे. दुकाने, उपाहारगृहे, औषधनिर्मितीचे कारखाने यांची तपासणी हे प्रशासन करते.

हे चारही दरवाजे आवश्यक आहेत. परंतु वैद्याला अभिप्रेत असलेला प्रश्न, म्हणजे हे द्रव्य दीपन-पाचनाचे काम करील एवढ्या रसवीर्याचे आहे काय, हा यांपैकी पहिल्या तीन दरवाजांवर कोणीही विचारत नाही. तो त्यांचा विषयच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ मध्ये आयुर्वेदासाठी जे प्रकरण जोडले गेले, ते औषधाची निर्मिती आणि विक्री यांविषयी आहे. परदेशातून येणारी कच्ची वनौषधी बंदरावरच औषधी म्हणून पारखण्याची व्यवस्था त्यात नाही. त्यामुळे बहुतेक कच्ची द्रव्ये मसाला किंवा किराणा या नावानेच देशात येतात आणि मसाल्याच्या कसोटीला उतरली की मोकळी होतात.

बरणीतील आठ द्रव्ये

आता हिंग्वष्टकाच्या आठ घटकांकडे या दृष्टीने पाहू. हिंग आपल्या देशात व्यापारी प्रमाणात पिकत नाही. दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून आणावा लागत असल्याचे पालमपूर येथील हिमालयी जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये नमूद केले होते. त्याच संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात क्वारिंग या गावी हिंगाचे पहिले रोप लावले. हे वृक्षारोपण अभिनंदनीय आहे. परंतु हिंगाच्या मुळातून निर्यास मिळण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि देशाची गरज भागण्यास त्याहून कितीतरी अधिक.

सैंधवाची कथा याहून बोलकी आहे. आपल्या बाजारातील सैंधव बहुतांशी पाकिस्तानातील खेवडा येथील खाणींतून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावरील आयातशुल्क २०० टक्के करण्यात आले आणि २ मे २०२५ रोजी पहलगाम येथील हल्ल्यानंतर तेथील सर्व मालाची थेट वा अन्य मार्गाने होणारी आयात बंद करण्यात आली. देशाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या या निर्णयाविषयी आम्हाला काहीच म्हणावयाचे नाही. परंतु आयात बंद झाल्यावरही दुकानातील गुलाबी मिठाचे डबे भरलेलेच आहेत. ते मीठ आता कोठून येते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विक्रेत्याला विचारला? हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग येथे खाणीतील मीठ निघते. अन्य देशांचे खनिज मीठही बाजारात येऊ शकते. आणि गुलाबी रंग दिलेले सागरी मीठही सैंधव म्हणून खपू शकते. लवणवर्गातील या भेदाला आपल्या शास्त्रात अर्थ आहे. दुकानात तो केवळ रंगावरून ठरतो.

मिऱ्यांचे उत्पादन आपल्याकडे केरळ आणि कर्नाटकात विपुल होते, तरी व्हिएतनाम व श्रीलंकेचा मालही येतो. देशी शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी किलोमागे ५०० रुपयांहून कमी किमतीच्या मिऱ्यांच्या आयातीवर २०१८ मध्ये बंदी घालण्यात आली. देशी मालही सर्वदा निर्दोष असतो असे नाही. २०१२ च्या अखेरीस कोची येथील गोदामांत सहा हजार टनांहून अधिक मिरे अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी मोहोरबंद केली, कारण बुरशी लागू नये आणि चकाकी यावी म्हणून त्यांना खनिज तेलाचा लेप दिल्याचा संशय होता. कृष्णजीरकाच्या नावाने कोठे शहाजिरे मिळते, कोठे कलौंजी. हा भेद सोडवणारा कोणताही अधिकारी बंदरावर बसलेला नाही, कारण अन्न म्हणून दोन्हीही निर्दोष आहेत. सुंठ, पिंपळी, अजमोदा आणि पांढरे जिरे ही उरलेली चार द्रव्ये देशी बाजारातून सहज मिळतात. त्यांच्या बाबतीत कीड, बुरशी आणि जुनेपणा हाच मुख्य दोष असतो आणि तो डोळ्यांना व नाकाला कळतो.

निर्यातीची कसोटी आणि घरची कसोटी

आयातीप्रमाणे निर्यातीचीही बाजू पाहणे आवश्यक आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या अभ्यासात रसौषधी आणि काष्ठौषधी यांचा विवेक पुरेसा नव्हता, असा आक्षेप आपल्याकडून घेतला गेला आणि तो काही अंशी योग्यही होता. परंतु परिणाम व्हावयाचा तो झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र शासनाच्या आयुष विभागाने आदेश काढला आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनौषधींच्या आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. मर्यादा अशा : शिसे दहा लक्षांत १०० भाग नव्हे, तर १० भाग, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग.

मसाल्यांच्या बाबतीतही तसेच घडले. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या धुरीकरणाच्या रसायनाचे अवशेष बेल्जियमला आढळले आणि त्यानंतर युरोपीय संघाने भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची सीमेवर तपासणी सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे भारतीय तयार मसाल्यांबाबत त्याच रसायनाचा आक्षेप निघाला. तेव्हा स्पायसेस बोर्डाने त्या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाला चाचणी बंधनकारक केली आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही देशभरातून मसाल्यांचे नमुने घेतले.

या दोन्ही प्रसंगांत एक क्रम दिसतो. आक्षेप आधी परदेशातून आला, चाचणी आधी परदेशी जाणाऱ्या मालाला लागली आणि देशातील मालाकडे लक्ष नंतर गेले. बोस्टनच्या रुग्णासाठी जी कसोटी आवश्यक ठरली, ती डोंबिवलीच्या रुग्णासाठी त्याच दिवसापासून आवश्यक का ठरू नये? हा प्रश्न शासनाला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु तो आधी स्वतःला विचारला पाहिजे. कारण हिंग्वष्टकाच्या बरणीसाठी आम्ही स्वतः कोणतीही कसोटी लावली नव्हती.

कायद्याने वैद्यावर टाकलेला विश्वास

औषध कायद्यातील एक तरतूद आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. तिचा अर्थ मात्र क्वचितच मनात घेतला जातो. आयुर्वेदिक औषधाच्या निर्मितीला परवाना लागतो. परंतु जो वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करतो, त्याला कायद्याच्या कलम ३३ ईईसीमध्ये यातून सूट आहे. कारखानदाराला जून २००० मध्ये आलेल्या अनुसूची ‘टी’प्रमाणे उत्तम निर्मितीचे नियम पाळावे लागतात, कच्च्या मालाची नोंद आणि परीक्षा करावी लागते. स्वतःच्या रुग्णासाठी चूर्ण कुटणाऱ्या वैद्याच्या दारी असा कोणीही निरीक्षक येत नाही. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीलाही अ‍ॅलोपॅथिक औषधांप्रमाणे विक्रीचा परवाना लागत नाही.

ही सूट म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत आहे, असे आपण मानत आलो. आमच्या मते ती जबाबदारी आहे. वैद्य द्रव्य ओळखतो, म्हणून निरीक्षकाची आवश्यकता नाही, असे कायद्याने गृहीत धरले आहे. चरकाचार्यांनी औषधी द्रव्याच्या चार गुणांत संपत् म्हणजे द्रव्याची स्वगुणसंपन्नता मोजली आहे. ती पारखणे वैद्यानेच सोडून दिले, तर त्या सूटीला आधार काय राहतो?

औषधी दुकानदारांना येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मे २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ विनियम आले आणि ग्रंथोक्त पाकविधीने केलेल्या खाद्यपदार्थांना अन्नकायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. औषधे, भस्मे आणि रसकल्प त्यातून वगळलेले आहेत. दोन वर्षांखालील बालकांसाठी असा आहार बनवता येत नाही. हा मार्ग चांगला आहे. परंतु ज्या दरवाजाचा उंबरठा ठेंगणा, त्यातून माल बाहेर काढावा, असा मोह काहींना होतो. एकच चूर्ण कधी अन्न म्हणून, कधी औषध म्हणून विकले तर ग्राहकाचा गोंधळ होतो आणि पहिला आक्षेप आला की संपूर्ण शास्त्रावर बोट ठेवले जाते.

आक्षेप आणि उपाय

यावर आमचे अनेक व्यवसायबंधू म्हणतील की शुद्ध हिंग बंधाणीच्या कितीतरी पट महाग आहे, प्रयोगशाळेचा खर्च लहान दवाखान्याला झेपत नाही, आणि आधीच नोंदी व परवाने यांचा जाच थोडा आहे काय? हे आक्षेप खोटे नाहीत. अनुसूची ‘टी’च्या खर्चाने लहान औषधशाळा मेटाकुटीला आल्या, हे आम्हीही पाहिले आहे. म्हणून आम्ही आणखी एका निरीक्षकाची मागणी करीत नाही. जे आपल्या हाती आहे, तेवढेच सुचवतो.

प्रथम, सुटी पूड घेऊ नये. हिंग अखंड खड्याच्या स्वरूपात, बिलावर ‘शुद्ध हिंग’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. बिलावर नाव आले की विक्रेताही त्या नावाला बांधला जातो. मात्र खडाही बंधाणी असू शकतो, म्हणून त्याची परीक्षा करावी. थोडा हिंग पाण्यात उकळून थंड करावा आणि त्यात आयोडीनचा एक थेंब टाकावा. गडद निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. शुद्ध हिंग ज्योतीवर धरल्यास कापराप्रमाणे पेट घेतो आणि पाण्यात उगाळल्यास दुधासारखे पाणी होते. मिरे पाण्यात टाकावीत. भरीव दाणे तळाला जातात आणि पपईच्या बिया तरंगतात. या परीक्षांना दहा मिनिटे आणि दहा रुपयेही लागत नाहीत.

दुसरे, दवाखान्यात एक खरेदीवही ठेवावी. दिनांक, द्रव्य, विक्रेता, बिल क्रमांक आणि मूळ देश हे पाच रकाने पुरेत. चूर्ण केले की कोणत्या खरेदीतून केले ते बरणीवर लिहावे. रुग्णाला त्रास झालाच तर शोध कोठून सुरू करावयाचा, हे तरी कळेल.

तिसरे, रुग्णाला द्यावयाच्या पुडीवर घटकद्रव्ये लिहावीत. पाठ गुप्त ठेवण्याचा काळ गेला. ज्या मातेने आमचे डोळे उघडले, ती लेबल वाचणारी होती. आमच्या पुडीवर वाचण्यासारखे काहीच नव्हते.

चौथे, हे काम संघटनेने एकत्रितपणे करावे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० अन्वये कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेल्या अन्नपदार्थाचे विश्लेषण अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. हिंग, मिरे, हळद, मध, सैंधव ही द्रव्ये आपण अन्न म्हणूनच विकत घेतो. मग हा अधिकार वापरण्यास अडचण कोणती? ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या सभासदांनी वर्षातून दोनदा पाच द्रव्यांचे नमुने तपासून घेतले आणि खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला नगण्य रक्कम येईल. तुर्भ्याच्या बाजारातून वर्षाचा शुद्ध हिंग एकत्रितपणे घेतला, तर किमतीचाही प्रश्न बराच सुटेल. स्थानिक शाखेच्या पुढील बैठकीत हा विषय मांडण्याचा आमचा विचार आहे; सभासदांनी आपली मते अवश्य कळवावीत.

असो. ती मुलगी आता महाविद्यालयात जाते. आमच्याकडे तिचे येणे क्वचितच होते, परंतु तिची आई अजूनही भेटते. मध्यंतरी त्या स्वतःसाठी औषध घेण्यास आल्या होत्या. पुडी हातात घेताच त्यांनी ती उलटी करून घटकद्रव्यांची यादी शेवटपर्यंत वाचली आणि मगच पिशवीत ठेवली. एकेकाळी आम्हाला हा अविश्वास वाटला असता. त्या दिवशी मात्र त्यांचे वाचून होईपर्यंत आम्ही पुढच्या रुग्णाला आत बोलावले नाही.